आपल्याच गडावर चढाई

वेल्हे गांवाच्या डोक्यावर तोरण्याचा डोंगर उभा आहे. उंची सुमारें १,४०० मीटर, झुंजार आणि बुधला अशा दोन माच्या, आणि वाट अशी कीं, आजही धडधाकट तरुणाला ती जागोजाग दम घ्यावयास लावते. खालून हा गड पाहणाऱ्याच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हाच, कीं असला गड कोणी घेतला तरी कसा असेल? परंतु तो घेतला गेला. इ. स. १७०४ च्या मार्च महिन्यांत तोरणा औरंगजेबाच्या हातीं पडला. त्या मोहिमेंत साताऱ्यापासून पन्हाळ्यापर्यंत जे किल्ले बादशहाला मिळाले, त्यांतले बहुतेक वाटाघाटीनें किंवा पैसा चारून मिळाले. तोरणा मात्र लढून घ्यावा लागला. रात्रीच्या अंधारांत दोराच्या शिड्या लावून मोगल शिपाई तटावर चढले.

गड पडण्याचे हे दोन प्रकार ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. जेथून कोणी येणें शक्य नाहीं अशी खात्री बाळगली जाते, नेमका तेथूनच शत्रू येतो. नाहीं तर दार आंतूनच उघडलें जातें. तिसरा प्रकार म्हणजे तोफा लावून समोरून तट पाडण्याचा.

तोरण्याच्या माथ्यावरून हवा स्वच्छ असेल त्या दिवशीं रायगड दिसतो. त्या रायगडाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. गडाचें बांधकाम आणि महादरवाजा पुरा झाल्यावर शिवाजीमहाराजांनीं लोक जमविले, त्यांच्यापुढें होनांची थैली आणि सोन्याचें कडें ठेवलें आणि जाहीर केलें कीं, दरवाजाखेरीज दुसऱ्या वाटेनें, शिडी अगर दोर न लावतां, जो कोणी गडावर जाईल त्याला हें बक्षीस मिळेल. महार समाजांतला एक मनुष्य पुढें आला. तो कडा चढून गेला, माथ्यावर त्यानें निशाण रोवलें आणि खालीं येऊन मुजरा केला. महाराजांनीं बोलल्याप्रमाणें बक्षीस दिलें आणि ती वाट ताबडतोब बंद करविली. गडावरच्या चोरदरवाजाची हकीकत अशी सांगतात. तान्ह्या मुलाच्या ओढीनें रात्रीं कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा तर मुलांनाही पाठ असते; तिनेंही गडाची एक उणीव दाखवून दिली, आणि तेथें बुरूज उभा राहिला. या कथांना कागदोपत्रीं आधार किती, हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. ज्या लोकांनीं त्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या, त्यांना दुर्गरक्षणाचें मर्म पुरतें उमगलें होतें, एवढें मात्र निश्चित.

पहिल्या कथेंत बारकाईनें पाहण्यासारखें पुष्कळ आहे. चढाई झाली ती धन्याच्या हुकमानें झाली. ती कशानें करावयाची नाहीं, हें आधींच ठरलें होतें. चढणाऱ्यानें निशाण रोवलें, म्हणजे आपण खरोखर पोहोंचल्याचा पुरावा ठेवला. पण गडावरची एक वस्तूही उचलली नाहीं. त्यानें येऊन वाट दाखविली, आणि वाट बुजविण्यांत आली. यांतली एक जरी गोष्ट वगळली, तरी तोच मनुष्य बक्षिसाऐवजीं बेडीचा धनी झाला असता.

संगणकाच्या जगांत आज हेंच काम रोज चाललेलें असतें. त्याला इंग्रजींत पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात; मराठींत भेदचाचणी म्हणावयास हरकत नसावी. बँक, रुग्णालय, विद्यापीठ, सरकारी कचेरी यांचे हिशेब आणि कागद ज्या यंत्रांत असतात त्यांना सर्व्हर म्हणतात, आणि त्यांतले पुष्कळसे लिनक्स या प्रणालीवर चालतात. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा आरंभ केला. प्रणाली भक्कम आहे. परंतु तोरणाही भक्कमच होता.

आतां प्रश्न असा कीं, ही चढाई शिकावयाची कोठें? दुसऱ्याच्या सर्व्हरवर हात साफ करणें हा गुन्हा, आणि स्वतःच्या कामाच्या सर्व्हरवर करणें हा मूर्खपणा. यावर तोड म्हणून मुद्दाम दुबळे करून ठेवलेले सरावाचे सर्व्हर निघाले आहेत. त्यांत ‘मेटास्प्लॉइटेबल’ या नांवाचा सर्व्हर विशेष परिचित आहे. अमेरिकेंतील रॅपिड सेव्हन या कंपनीनें तो तयार केला. त्याची दुसरी आवृत्ती २०१२ सालीं आली आणि ती कोणासही विनामूल्य मिळते. तो विकत आणून टेबलावर ठेवण्याचें यंत्र नव्हे. घरच्या संगणकाच्या पोटांत एक दुसरा, नुसता भासमान संगणक चालवितां येतो, आणि त्याच्या आंत हा सर्व्हर नांदतो. करणारांनींच बजावून ठेवलें आहे कीं, हें यंत्र बाहेरच्या जाळ्याला कधींही जोडूं नये. इशारा योग्यच आहे. ज्या घराच्या भिंतींना हौसेनें भोंकें पाडलेलीं आहेत, तें घर भर रस्त्यावर उघडें ठेवावयाचें नसतें.

विद्यार्थी प्रथम टेहळणी करतो. संगणकाला जाळ्यावर ६५,५३५ क्रमांकांचीं दारें असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. बहुतेक बंद असतात. जीं उघडीं असतील त्यांच्यामागें कोणती तरी सेवा बसलेली असते: २१ व्या दारीं फाइली देणारी, २२ व्या दारीं दूरून कारभार करूं देणारी, ८० व्या दारीं वेबपानें वाढणारी. हीं दारें मोजण्यासाठीं गॉर्डन लायन या गृहस्थानें १९९७ सालीं ‘एनमॅप’ नांवाचें साधन प्रसिद्ध केलें, तें अजूनही सर्वांच्या हातीं असतें. तें प्रत्येक दार ठोठावतें, आणि गंमत अशी कीं, आंतले पुष्कळ दरवान न विचारतां स्वतःचें नांव आणि वयही सांगून टाकतात: अमुक सेवा, अमुक आवृत्ती. जुनी आवृत्ती म्हणजे जुना तट. त्याची कोणती शिळा ढिली आहे हें बहुधा पूर्वींच कोणीतरी लिहून ठेवलेलें असतें.

मेटास्प्लॉइटेबलचीं दारें पाहूं लागतांच नवशिक्याची करमणूक होते. २३ व्या दारीं टेलनेट बसलेलें असतें. त्यावरून पाठविलेला परवलीचा शब्द उघड्या कार्डावर लिहिल्याप्रमाणें वाटेंतल्या कोणासही वाचतां येतो. ३३०६ व्या दारामागें माहितीचें कोठार आहे, आणि त्या कोठाराच्या मुख्य अधिकाऱ्याला परवलीचा शब्दच नाहीं. १५२४ व्या दारावर तर कमाल आहे: तेथें जो जाईल त्याला एक अक्षरही न विचारतां संपूर्ण यंत्राचा अधिकार मिळतो. आणि ज्या खात्यानें रोज आंत जावयाचें, त्याचें नांव आणि परवलीचा शब्द हे दोन्ही एकच आहेत. हें सर्व शिकविण्याकरितां केलेलें असलें तरी पाहणाऱ्यानें फार हंसूं नये. घरोघरच्या इंटरनेटच्या पेटीवर कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द वर्षानुवर्षें तसाच राहतो, आणि टेलिफोन क्रमांकाचे शेवटचे चार आंकडे हाच ज्यांचा कायमचा गुप्त शब्द असतो अशीं सुशिक्षित कुटुंबें कमी नाहींत.

पण या सर्व्हरांत सर्वांत बोधप्रद दार आहे तें २१ वें. तेथें व्हीएसएफटीपीडी नांवाची सेवा बसते. ही सेवा मुळांत सुरक्षिततेबद्दल नांवाजलेली. तिच्या नांवांतच ‘फार सुरक्षित’ असा अर्थ गोंवलेला आहे. २०११ च्या जुलै महिन्यांत असें उघडकीस आलें कीं, तिच्या २.३.४ या आवृत्तीची प्रत ज्या मूळ ठिकाणाहून लोक उतरवून घेत, तेथेंच कोणीतरी तींत फेरफार करून ठेवला होता. वापरणाऱ्याच्या नांवांत विसर्ग आणि त्यापुढें कंस अशीं चिन्हें, म्हणजे आडवें पाहिल्यास एक हंसरा चेहरा, आलीं कीं ६२०० व्या क्रमांकाचें एक गुप्त दार उघडावें अशी योजना होती. लबाडी लवकर ध्यानांत आली आणि प्रत काढून टाकण्यांत आली. सरावाच्या सर्व्हरांत मात्र ती जाणून बुजून जपून ठेवली आहे. तटाचा एकही दगड येथें ढिला नव्हता. दगड आणून देणाराच्या गाडींत कोणीतरी भुयार भरून पाठविलें होतें. फितुरी ती हीच.

येथवर आलेला विद्यार्थी बहुधा खूष होऊन थांबतो, आणि येथेंच तो कच्चा राहतो. आंत शिरणें हें काम निम्मेंही नव्हे. सामान्य शिपायाच्या अधिकारानें आंत आलेल्याला किल्लेदाराचा अधिकार मिळवितां येतो काय, या यंत्रावरून शेजारच्या यंत्रावर जातां येतें काय, आणि हें सर्व चाललें असतां पहाऱ्याच्या वहींत त्याची कांहीं नोंद झाली काय, हें पाहावयाचें असतें. त्यानंतर अहवाल लिहावयाचा. कोणतें दार, कोणत्या कारणानें, कोणत्या क्रमानें उघडलें. तेंच पुन्हा करून पाहावयाचें तर कसें करावें. त्यापासून धन्याचें किती नुकसान होऊं शकतें. आणि तें बुजवावें कसें. हा अहवाल कंटाळवाणा असतो आणि तरुण मंडळींना तो आवडत नाहीं. पण धनी पैसे देतो ते या कागदाचे. रायगडच्या त्या मनुष्यानें निशाण रोवून वाट दाखविलीच नसती, तर महाराजांना त्याचा उपयोग काय झाला असता?

वेल्ह्यापासून मोटारीनें कांहीं तासांवर असलेल्या पुणें शहरांत हा प्रश्न २०१८ सालीं फार कडू रीतीनें पुढें आला. १९०६ सालीं स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक ही जुनी आणि मोठी संस्था. त्या वर्षीं ११ ऑगस्टला, शनिवारीं, आणि पुन्हा १३ ऑगस्टला तिच्यावर हल्ला झाला, आणि सुमारें ९४ कोटि रुपये गेले. चोरांनीं तिजोरीला हातही लावला नाहीं. एटीएममधून पैसे मागितले गेले म्हणजे ‘द्यावे कीं न द्यावे’ हें बँकेच्या यंत्रणेला विचारलें जातें. चोरांनीं त्या प्रश्नाच्या वाटेवर स्वतःचा तोतया बसविला, आणि तो प्रत्येक मागणीला होकार देत राहिला. २८ देशांत बनावट कार्डांनीं सुमारें ७८ कोटि रुपये काढले गेले, भारतांत सुमारें अडीच कोटि, आणि १३ तारखेस जवळजवळ १४ कोटि रुपये परदेशीं हुंडी पाठविण्याच्या यंत्रणेंतून हाँगकाँगला गेले. ठेवीदारांच्या खात्यांतून रक्कम कमी झाली नाहीं, असें बँकेनें तेव्हांच सांगितलें. परंतु त्या आठवड्यांत पुण्यांतल्या कित्येक घरांत पेन्शनीचीं पुस्तकें काळजीनें उघडलीं गेलीं असतील, याची कल्पना कोणासही करतां येईल.

अशा विद्येबद्दल एक आक्षेप नेहमीं घेतला जातो: ही चोरी शिकविण्याची शाळा नव्हे काय? आक्षेप नवा नाहीं. डॅन फार्मर आणि वीत्से व्हेनेमा यांनीं १९९३ सालीं एक निबंध लिहून, स्वतःच्या जागेंत स्वतः घुसून पाहिल्यानेंच ती सुरक्षित होते, असें प्रतिपादन केलें. आणि १९९५ सालीं त्या कामाचें एक साधन सर्वांना फुकट दिलें, तेव्हां मोठा गहजब झाला. पुढें २००३ सालीं एच. डी. मूर यांचें ‘मेटास्प्लॉइट’ निघालें. आक्षेपांत तथ्य अगदींच नाहीं असें नव्हे. किल्ली बनविणारा हात आणि कुलूप फोडणारा हात यांची कसब एकच असते. परंतु चोराला ही विद्या पूर्वींच येत असते. ती न शिकल्यानें अज्ञानी राहतो तो पहारेकरी.

दोघांमधली रेघ कायद्यानें स्पष्ट ओढली आहे. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणें, मालकाच्या परवानगीवांचून त्याच्या संगणकांत शिरणाऱ्यास भरपाई द्यावी लागते. आणि तेंच कृत्य अप्रामाणिक अगर कपटी हेतूनें केलें असल्यास ६६ व्या कलमानें तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. ‘नुसतें पाहत होतों’ या सबबीनें ती परवानगी मिळत नाहीं. घरांतला हुशार मुलगा शाळेच्या निकालाचा सर्व्हर उघडून दाखवितो आणि वडील कौतुकानें शेजाऱ्यांना सांगतात, असे प्रसंग ऐकूं येतात; त्या कौतुकाच्या जागीं त्याला सरावाचा सर्व्हर आणून देणें अधिक प्रेमाचें होईल. म्हणून कसलेला चाचणीकार काम हातीं घेण्यापूर्वीं लेखी परवाना मागतो. कोणतीं यंत्रें, कोणत्या तारखा, कोणतीं साधनें वर्ज्य, आणि अपरात्रीं कांहीं बिघडल्यास कोणाला उठवावयाचें, हें सर्व त्यांत असतें. शिडी नाहीं आणि दोर नाहीं, ही रायगडची अट याच जातीची.

सरावाच्या सर्व्हराला यांतलें कांहीं लागत नाहीं. त्याचा धनी आणि त्यावर चढणारा एकच असतो. चढाई करून झाली, यंत्र मोडून पडलें, तरी आरंभीं जपून ठेवलेली त्याची स्थिति मिनिटभरांत परत आणतां येते. मग २१ व्या दारीं तोच हंसरा फितूर पुन्हा येऊन बसतो, १५२४ वें दार पूर्वींप्रमाणेंच सताड उघडें पडतें, आणि विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून दारें मोजावयास लागतो.