रक्त थांबले, पण बोटांचे काय?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



'आरोग्यावर दहा मिनिटे बोल,' असे संयोजकांनी सांगितले. रक्तदाब आणि साखरेवर बोलणारे डॉक्टर आपल्या बॅचमध्ये आणखीही आहेत. मी हाताचा सर्जन, म्हणून हातावरच बोलतो. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. ज्याच्या हाताची ही गोष्ट, तो आपला वर्गमित्र आज समोरच बसला आहे. 'सांग ना बे, फक्त माहं नाव नको घेऊ,' एवढीच त्याची अट आहे.

मी तेव्हा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीत मोर्शीला आलो, तर याच्या उजव्या मनगटाला पट्टी. आठवड्यापूर्वी खिडकीची काच लागली होती. घरच्यांनी मोठ्या अभिमानाने मला, म्हणजे 'डॉक्टरला', जखम दाखवली. मी पाहिली, 'टाके सुरेख आहेत' म्हणालो, आणि आम्ही दोघे सिंभोऱ्याच्या धरणावर फिरायला गेलो. बोटांना स्पर्श कळतो का, हे मी विचारलेच नाही.

दोन वर्षांनी एका लग्नात भेट झाली. त्याच्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग पार सपाट झाला होता. म्हणाला, 'जखम त कवाचीच बरी झाली, पण बोटाले चटका बसला त समजतच नाही राजा.' मनगटातून जाणारा मिडियन मज्जातंतू काचेने कापला गेला होता. दोन वर्षे तो तसाच तुटलेला होता.

आपल्या भाषेत एक गोंधळ आहे. रक्तवाहिनीलाही आपण 'नस' म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. त्यामुळे रक्त थांबले की नस सुधारली असे वाटते. पण मज्जातंतूतून रक्त वाहत नाही. तो मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेतो आणि बोटाची खबर मेंदूकडे आणतो. तो तुटला तरी वरची कातडी छान भरून येते, म्हणूनच फसगत होते.

इजा तीन प्रकारची असते. १९४३ साली सेडन या इंग्रज सर्जनने केलेली ही विभागणी आजही चालते. पहिल्या प्रकारात तंतू फक्त दबतो. आपल्याकडे निंदणाला तासन्‌तास उकिडवे बसलेल्या बाईचे पाऊल अचानक लुळे पडते, ते बहुधा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा तंतू दबल्यामुळे. हे काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत सुधारते. दुसऱ्यात आतले धागे तुटतात, पण वरची नळी शाबूत असते. त्या नळीतून धागा पुन्हा वाढतो. तिसऱ्यात सगळेच तुटते. तिथे शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही.

आपण संत्र्याच्या मुलखातले लोक. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरताना साल सालीला नीट भिडली पाहिजे आणि डोळा ताजा पाहिजे, हे इथल्या पोरालाही माहीत असते. मज्जातंतूचेही तसेच. सूक्ष्मदर्शकाखाली, केसापेक्षा बारीक धाग्याने, दोन्ही टोके न ताणता जुळवायची. काचेने वा विळ्याने स्वच्छ कापलेला तंतू पहिल्या काही दिवसांतच जोडावा. मध्ये अंतर पडले असेल तर पोटरीच्या मागचा एक स्पर्शाचा तंतू काढून त्याचे कलम लावतात. बदल्यात पावलाची बाहेरची कड थोडी बधिर राहते, चालण्यात फरक पडत नाही.

जोडल्यानंतर धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून करंगळीपर्यंत फुटभर अंतर धरा, म्हणजे दहा महिने झाले. आणि स्नायू हुकमाची वाट पाहतो ती वर्ष-दीड वर्ष. नंतर तो वाळतो, मग धागा पोचून उपयोग नाही. 'पाहू, सुधरन' म्हणत घालवलेला प्रत्येक महिना या हिशेबातून वजा होतो. मुका मार असेल तर तीन आठवड्यांनी मज्जातंतूची विद्युत तपासणी करावी. तीन महिन्यांत सुधारणेची खूण दिसली नाही, तर सर्जनला गाठावेच.

धागा वाढेपर्यंत फिजिओथेरपिस्ट हात सांभाळतो. सांधे रोज हलवले नाहीत, तर हुकूम पोचेल तेव्हा बोटे आखडलेली असतील. बधिर बोट चुलीपासून, गरम कपापासून जपायचे. स्पर्श परतू लागला की डोळे मिटून तुरीचा दाणा कोणता, ज्वारीचा कोणता, हे ओळखायचे. मेंदूलाही स्पर्श पुन्हा शिकवावा लागतो.

या विषयाचा एक मोठा धडा आपल्या जिल्ह्यातच आहे. अमरावतीचे तपोवन डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी उभारले. कुष्ठरोग हा मुळात मज्जातंतूंचा आजार. बोटे 'झडतात' असे लोक मानत. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे रोगाने सडत नाहीत. ती बधिर असल्याने भाजतात, कापतात आणि जखमा चिघळून झिजतात. वाकडी झालेली बोटे त्यांनी दुसऱ्या स्नायूची शीर वळवून सरळ केली. आज कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. नव्याने आलेली बधिरता वा लुळेपणा सहा महिन्यांच्या आत दाखवला, तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तंतू वाचण्याची चांगली आशा असते. म्हणून अंगावरचा न खाजणारा, बधिर चट्टा लपवू नका.

तीच शीर वळवण्याची पद्धत आपल्या मित्राच्या कामी आली. स्नायू वाळले होते, म्हणून माझ्या वरिष्ठांनी त्याच्या तर्जनीची एक जादा शीर अंगठ्याकडे वळवली. आज तो डोळे भरायचा चाकू धरतो, सही करतो. पण बोटांच्या टोकांचा स्पर्श काही परतला नाही. शर्टाचे बटण तो अजून पाहूनच लावतो. ते मी त्या दिवाळीत वाचवू शकलो असतो.

म्हणून घरी जाऊन एवढे सांगा. हाताला टाके पडले की उठण्याआधी एका मिनिटाची परीक्षा घ्यायची. अंगठा करंगळीला टेकतो का? बोटे पंख्यासारखी फाकतात का? मनगट आणि अंगठा वर उचलतो का? तर्जनीच्या टोकाला, करंगळीच्या टोकाला आणि अंगठ्यामागच्या बेचक्यात कापसाचा स्पर्श कळतो का? एकाचेही उत्तर 'नाही' आले, तर तिथेच डॉक्टरांना सांगा आणि अमरावती वा नागपूरच्या प्लास्टिक किंवा हाताच्या सर्जनकडे त्याच आठवड्यात जा. हे विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. मी अर्धा डॉक्टर होतो, तरी विचारले नाही.

मित्रा, तू तेव्हाही रागावला नाहीस, आजही नाहीस. तुझ्या हाताने मला जे शिकवले, ते आज आपल्या सगळ्या वर्गाला सांगून झाले.