शरीरातील वाटा, संगणकातील नकाशे आणि पेटंटचा कायदा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्याने मुलांची तारीफ करावी, दोन उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात आणि खाली बसावे, अशी रीत आहे. ती रीत मी आज थोडी मोडणार आहे. उपदेशाऐवजी माझ्या हातून झालेल्या एका चुकीची हकीकत सांगणार आहे. ती चूक तुमच्या मुलामुलींच्या बाबतीत होऊ नये, एवढाच माझा हेतू.

मी अभियांत्रिकीचा शिक्षक. काही वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी माझ्याकडे प्रकल्पासाठी होते, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीच्या धाकट्या भावाला दमा. घरात पंपाचे औषध चाले. पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी असते, तिला डॉक्टर स्पेसर म्हणतात, तीही घरात होती. पण औषधाचा बराच भाग तोंडात आणि घशातच अडकतो, फुप्फुसापर्यंत थोडाच पोचतो, हे तिने डॉक्टरांकडून ऐकले होते. या दोघांनी रुग्णांची व डॉक्टरांची रीतसर परवानगी घेऊन सीटी स्कॅनची चित्रे मिळवली, आणि त्यांवरून तोंड, घसा व श्वासनलिका यांची प्रतिकृती संगणकात उभी केली. हवा कुठे वळते, औषधाचे कण कुठे चिकटतात, याचा हिशेब मांडला. नळीच्या आतल्या आकारात एक विशिष्ट बदल केला की औषध जास्त खोल जाताना दिसे. मग त्यांनी तशी नळी तयार करून प्रयोगशाळेत तपासलीही.

मला अतिशय आनंद झाला. मी म्हणालो, "प्रदर्शनात मांडा, परिषदेत निबंध वाचा, सगळी मापे द्या." त्यांनी तसे केले. निबंध छापला गेला, महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरही गेला. पुढे चौदा महिन्यांनी कोणीतरी सुचवले की याचे पेटंट घ्या. आम्ही अर्ज केला. पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला, त्यात आमच्या विरुद्ध दाखवलेला पहिलाच कागद म्हणजे आमचा स्वतःचा निबंध होता! त्या मुलीने मला विचारले, "सर, हे आम्हीच केलं होतं ना? मग ते जुनं कसं झालं?" तेव्हा माझ्यापाशी नीट उत्तर नव्हते. ते मी नंतर शिकलो, आणि आज येथे मांडतो आहे.

मित्रहो, कायदा अशा कामाला मुख्यतः दोन प्रश्न विचारतो. पहिला, ही वस्तू पेटंट मिळण्याच्या जातीची आहे काय? दुसरा, ती नवी आहे काय?

पहिला प्रश्न घेऊ. शरीरातील वाट ही कुणीच निर्माण केलेली नाही. दमास्कसमध्ये शिकलेले आणि कैरोत वैद्यकी केलेले इब्न अल-नफीस यांनी १२४२ च्या सुमारास लिहून ठेवले की हृदयाच्या मधल्या पडद्याला भोके नाहीत. रक्त उजवीकडून डावीकडे जाते ते फुप्फुसातून फिरून. युरोपात हीच गोष्ट मिगेल सर्व्हेटस यांच्या १५५३ च्या ग्रंथात छापली गेली. इब्न अल-नफीस यांच्या हस्तलिखिताकडे जगाचे लक्ष गेले ते १९२४ साली, एका इजिप्शियन डॉक्टरांना ते बर्लिनच्या ग्रंथालयात दिसले तेव्हा. केवढा मोठा हा शोध! पण आजच्या कायद्यापुढे तो आला असता तर पेटंट मिळाले नसते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(क) नव्हे, इंग्रजी अक्षरांतले ३(सी), सांगते की निसर्गात आधीपासून असलेल्या तत्त्वाचा नुसता शोध म्हणजे आविष्कार नव्हे. वाट दाखवणाऱ्याचा मान मोठा, पण वाटेवर कुणाची मालकी नाही.

बरे, वाटेची संगणकातली प्रतिकृती? तेथे कलम ३(के) आडवे येते. गणिती पद्धत, नुसता संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकातील बगदादचे गणिती अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला. त्यांनी शिकवलेली हिशेबाची रीत साऱ्या जगाने वापरली. हिशेब सर्वांचा राहावा, हेच या कलमामागचे धोरण आहे.

तिसरी अडचण कलम ३(आय) ची. माणसावर उपचार करण्याच्या आणि रोगनिदानाच्या पद्धतीला पेटंट नाही. श्वासनलिकेची प्रतिकृती पाहून ती किती अरुंद झाली हे ठरवण्याची रीत कुणाच्या मालकीची झाली, तर डॉक्टरांचे हात बांधले जातील. निदान शरीरावर होते की शरीराबाहेर, एवढ्यावरून या कलमातून सुटका होत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. त्या पद्धतीने उपचारासाठी रोग ओळखता येतो काय, हे पाहायचे.

मग सगळी दारे बंदच आहेत काय? नाही. कायद्यात प्रोग्राम या शब्दापुढे 'पर से' असे दोन शब्द आहेत, म्हणजे 'नुसता प्रोग्राम'. फरीद अल्लानी नावाच्या ट्युनिशियन अर्जदाराचा २००२ सालचा अर्ज याच मुद्द्यावर अडला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये म्हटले की ज्यात खरा तांत्रिक परिणाम दिसतो तो आविष्कार केवळ संगणकावर चालतो म्हणून नाकारता येणार नाही. युरोपातही असाच प्रश्न आला, आणि तोही वाटांचाच होता: इमारतीच्या वाटांतून माणसांची गर्दी कशी सरकेल, याचे संगणकावरील अनुकरण. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या मोठ्या अपील मंडळाने १० मार्च २०२१ रोजी निर्णय दिला. अनुकरण आहे म्हणून नाकारायचे नाही, आणि अनुकरण आहे एवढ्यावर द्यायचेही नाही. त्यातून तांत्रिक काम कोणते साधते ते पाहायचे.

आमच्या मुलांच्या कामाला हे लावून पाहू. "श्वासनलिकेची संगणकातील प्रतिकृती" एवढाच दावा लिहिला तर तो टिकणे कठीण. "औषधाचे कण मोजण्याचे समीकरण", तेही नाही. "प्रतिकृतीवरून दमा ओळखण्याची रीत" म्हटले तर ३(आय) आडवे. पण "आतून अमुक आकाराची नळी, जिच्यामुळे औषध घशात कमी अडकते", ही हातात धरता येणारी वस्तू आहे. तिला पहिल्या दारातून जाता येते. काम एकच, पण दावा कशावर मांडला यावर बरेच अवलंबून असते. अमेरिकेत हार्टफ्लो या कंपनीने सीटी स्कॅनवरून हृदयाच्या धमन्यांतील रक्तप्रवाहाचा हिशेब करण्याची पद्धत काढली. तिला तेथील औषध नियंत्रकांनी २०१४ साली परवानगी दिली, आणि त्या कामावर पेटंटेही मिळाली. म्हणजे हा विषय हवेतला नाही.

आता दुसरा प्रश्न, नावीन्याचा. येथे दोन बाजूंनी धोका आहे. एक म्हणजे दुसऱ्याने आधी केलेले. वायबेल या स्विस शास्त्रज्ञाने १९६३ सालीच श्वासनलिकेपासून फुप्फुसाच्या टोकापर्यंत फांद्यांचे तेवीस टप्पे मापांसह छापले. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचे चित्र १९७१ साली लंडनमध्ये घेतले गेले. तेव्हापासून किती प्रतिकृती झाल्या असतील! आपल्याला ते ठाऊक नव्हते, ही सबब चालत नाही. जगात कोठेही, कोणत्याही भाषेत अर्जाच्या तारखेआधी छापलेले असले, की ते जुने. शिवाय नुसते नवे असून भागत नाही. त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचेल असेही ते नसावे लागते.

दुसरा धोका आपण स्वतःच. कायदा 'कोणी छापले' हे विचारत नाही, 'केव्हा छापले' हे विचारतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. कलम ३१ मध्ये थोडी सवलत आहे: सरकारने राजपत्रात जाहीर केलेले प्रदर्शन, किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध, यानंतर बारा महिन्यांच्या आत अर्ज केला तर बचाव होऊ शकतो. शाळा-कॉलेजचे साधे प्रदर्शन त्यात बसत नाही, आणि आम्ही तर चौदा महिने घालवले होते. म्हणून माझे सांगणे एवढेच: आधी दाखल करा, मग दाखवा.

दाखल करणे आपल्या ऐपतीबाहेरचे आहे, असे पालकांनी समजू नये. व्यक्तीला किंवा शिक्षणसंस्थेला ऑनलाइन अर्जाची मूळ सरकारी फी १,६०० रुपये आहे. काम अपुरे असले तरी तात्पुरते तपशीलपत्र देऊन तारीख मिळवता येते, आणि पूर्ण तपशीलपत्रासाठी बारा महिने मिळतात. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते, तिची फी ४,००० रुपये. २०२४ च्या नियमांपासून त्यासाठी एकतीस महिन्यांची मुदत आहे. पेटंट मिळाले तर ते अर्जापासून वीस वर्षे चालते, मात्र नूतनीकरणाची फी भरत राहावी लागते.

आणि आपण तर नागपूरकर! पेटंटांची माहिती साठवणारे सरकारी केंद्र १९८० साली याच शहरात स्थापन झाले. आज सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था उभी आहे. पेटंट कार्यालयाचे परीक्षक प्रशिक्षणाला जेथे येतात, तेथे आपल्या मोहल्ल्यातून सायकलने जाता येते. मी इतकी वर्षे त्या बाजूने येत-जात होतो, पण आत कधी डोकावलो नाही. ही माझी दुसरी चूक.

पालकांसाठी दोन इशारे. अर्ज अठरा महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. "पेटंट पब्लिश झाले" असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर लक्षात ठेवा, प्रसिद्ध होणे म्हणजे मंजूर होणे नव्हे. दुसरे, आविष्कारक म्हणून नाव त्याचेच लागावे, ज्याच्या डोक्यातून कल्पना निघाली. केवळ मार्गदर्शक किंवा विभागप्रमुख म्हणून कोणाचेही नाव त्यात घुसवू नये. हे मी शिक्षक असून सांगतो.

त्या दोघांचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ती नळी आता सर्वांची आहे, कोणीही बनवू शकतो. एखाद्या दमेकरी मुलाला तिचा फायदा होत असेल तर ते काम वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण आपले काम जगाला मोफत द्यायचे की नाही, हे त्या दोघांनी ठरवायला हवे होते. त्यांच्या शिक्षकाच्या अज्ञानाने ते ठरवले. तुमच्या मुलांच्या वह्यांत आज जे काही आहे त्याचे काय करायचे, हे त्यांना समजून-उमजून ठरवता यावे, एवढीच दुआ करतो आणि आपली रजा घेतो.