विनोदाच्या शेजारी बसणारं चित्र



महिन्याभरात मृग लागेल आणि आमच्या व्यवसायातला सर्वांत धावपळीचा काळ सुरू होईल. दिवाळी अंक आपल्या हातात पडतात आश्विनात, पण त्यांतली चित्रं काढली जातात आषाढ-श्रावणात. बाहेर पाऊस कोसळत असतो, शाई लवकर वाळत नाही, कागद सर्द झालेला असतो आणि त्या कागदावर आकाशकंदील टांगायचा असतो. महाराष्ट्रात विनोदी चित्रांवर ज्यांनी पोट भरलं त्या बहुतेकांचं वर्ष असंच मोजलं गेलं आहे.

सुरुवात होते ती संपादकांनी पाठवलेल्या कथेपासून. ती हाती आली की पेन्सिल उचलायची नाही, आधी नुसती वाचायची. पहिल्या वाचनात मीही आपल्यासारखाच वाचक असतो, मनापासून हसतो. दुसऱ्यांदा वाचताना आपण नेमके कुठे हसलो ती जागा शोधतो, कारण ती जागा मला टाळायची असते. छापील पानावर नजर आधी चित्रावर जाते आणि मजकुरावर मागाहून. लेखकानं तीन पानं खपून ज्या प्रसंगाची तयारी केली, तोच मी काढून ठेवला तर वाचकाला तो आधीच कळतो आणि लेखकाची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून मी त्याच्या अलीकडचा क्षण निवडतो. सासरेबुवा खुर्चीवर बसून आपटले हे काढायचं नाही. ते मोठ्या रुबाबात खुर्चीकडे निघाले आहेत आणि खुर्चीचा एक पाय किंचित आखूड आहे, एवढंच काढायचं. कथा वाचून झाल्यावर वाचक पान उलटून पुन्हा चित्राकडे आला आणि त्याला तो पाय दिसला, की माझं काम झालं.

हे मला शिकवलं ते मराठीतल्या दोन मोठ्या माणसांच्या कामानं. एक वसंत सरवटे. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतली त्यांची चित्रं पाहा, किंवा 'ललित' मासिकात जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळ' या सदरासाठी त्यांनी काढलेली पाहा. लेखकाचं वाक्य ते चित्रात पुन्हा सांगत नाहीत. त्या वाक्याला स्वतःचं एक निरीक्षण जोडतात. दुसरे शि. द. फडणीस. अनंत अंतरकरांच्या 'मोहिनी'चं त्यांचं मुखपृष्ठ जुन्या वाचकांना आठवत असेल. एक तरुण आणि एक तरुणी, दोघं अनोळखी. एकाच्या कपड्यांवर मांजरं छापलेली, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. चित्राला शब्द नाही, आणि त्याची गरजही नाही. हेच फडणीस पुढे शाळेच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत शिरले. गणिताच्या पानावर पोरांना हसू फुटलं, हे मला त्यांचं फार मोठं काम वाटतं, एखाद्या पुरस्काराहूनही मोठं.

आता अर्कचित्राबद्दल, कारण त्याविषयी समज फार चुकीचे आहेत. मोठं नाक आणखी मोठं केलं की अर्कचित्र झालं, असं लोकांना वाटतं. पण नाक एकटं कुणाचीच ओळख सांगत नाही. ओळख असते अंतरांमध्ये. नाकाचा शेंडा आणि वरचा ओठ यांत किती जागा आहे, भुवई डोळ्यावर टेकली आहे की वर उडाली आहे, मान खांद्यांतून सरळ येते की पुढे झुकून येते, यावर सगळं अवलंबून असतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी माणूस पाठमोरा काढायला लावतो. पाठमोरा ओळखता आला, तर चेहऱ्याच्या वाट्याला जावं. आर. के. लक्ष्मण यांचे पुढारी नुसत्या उभं राहण्यावरून ओळखू येतात, ते यामुळेच. एकाच छायाचित्रावरून काम करणं घातक असतं. फ्लॅशचा उजेड चेहऱ्यावरचे उंचवटे पुसून टाकतो, आणि आपण त्या माणसाचं चित्र न काढता त्या एका क्षणाचं काढतो. शक्य असेल तर त्या माणसाच्या सभेला जाऊन मागच्या रांगेत बसावं. बोलणं ऐकू आलं नाही तरी चालतं, हात कसे हलतात ते दिसलं पाहिजे. मारिओ मिरांडा तरुणपणी रोज चित्रांची डायरी ठेवत. गोव्यातल्या त्यांच्या लोटली गावची माणसं, पाद्री, लग्नं, भांडणं, सारं त्यांत आहे. पुढे त्यांच्या चित्रांत पानभर गर्दी असते आणि तरी प्रत्येक चेहरा वेगळा असतो, त्यामागे या डायऱ्यांचा सराव आहे.

आणि एक मर्यादा मी स्वतःपुरती कायमची आखून घेतली आहे. माणसानं जे निवडलं त्यावर हसावं: त्याची मिशी, त्याचा फेटा, त्याची ऐट, त्याचे शब्द. अपंगत्व, आजार, कातडीचा रंग हे त्यानं निवडलेलं नसतं. त्यावर ओढलेली रेष कितीही सुबक असली तरी ती मला नको.

साधनांबद्दल थोडक्यात सांगतो. आमच्या आधीच्या पिढीची चित्रं जस्ताच्या लाइन ब्लॉकवरून छापली जात. ॲसिडनं पत्रा खाल्ला जाई, रेष तेवढी वर उरे. रेषा फार जवळ असल्या तर स्वस्त कागदावर शाई भरून काळा डाग होई. करडी छटा हवी तर हाफटोन ब्लॉक लागे, तो महाग पडे. म्हणून चित्र छापायच्या आकाराहून मोठं काढायचं, रेषा मोकळ्या ठेवायच्या आणि जी नसली तरी चालेल ती काढायचीच नाही. मराठी हास्यचित्राची रेष इतकी काटकसरी झाली त्यात या पत्र्याचा मोठा वाटा आहे, असं माझं मत आहे. आज पडद्यावर हजार छटा फुकट मिळतात. तिथे ही काटकसर चित्रकाराला स्वतःच्या विचारानं पाळावी लागते.

आता पोटापाण्याचं. सरवटे व्यवसायानं इंजिनिअर होते, एसीसी कंपनीत नोकरी करून त्यांनी हे सगळं काम केलं. फडणीस पूर्ण वेळ चित्रांवर जगले. दोन्ही मार्ग खडतर आहेत, आणि तरुण चित्रकारांनी कुठलाही निवडला तरी एक गोष्ट शिकून घ्यावी: कागदोपत्री व्यवहार. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे वृत्तपत्राच्या किंवा मासिकाच्या नोकरीत काढलेल्या चित्रावर, वेगळा करार नसेल तर, मालकाचा हक्क प्रकाशनापुरता असतो, बाकीचा चित्रकाराचा. हक्क लिहून दिले आणि मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षं धरली जाते. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या चांगल्या माणसांची चित्रं कॅलेंडरांवर आणि कपांवर त्यांना न विचारता छापली गेली. विनोदी चित्र गमतीगमतीत होतं, मग त्याचे पैसे कसले, हे मी अनेकदा ऐकलं आहे. एका चित्रामागे टाकून दिलेल्या कच्च्या रेखाटनांचा ढीग असतो. तो दिसत नाही, दिसूही नये, पण बिलात तो धरलाच पाहिजे.

सर्वांत जास्त खंत मूळ चित्रांची आहे. ब्लॉक झाला की मूळ कागद छापखान्यातच पडून राही. तो परत मागण्याची रीत नव्हती आणि पाठवण्याचीही. पावसाळ्यात भिजून, वाळवी लागून किती गेलं याची मोजदाद नाही. ज्यांच्या घरी एखाद्या चित्रकाराचे कागद आहेत, त्यांनी प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीनं अंकाचं नाव, वर्ष आणि कोणत्या कथेसाठी काढलं ते लिहावं, मध्ये आम्लरहित कागद घालावा, आणि रबरबँड लावू नये. वर्षंच माहीत नसेल तर आपल्याकडचे जुने दिवाळी अंक काढा आणि ताडून पाहा. या सभागृहात अशा घरांतली माणसं नक्की असतील. व्याख्यानानंतर मी इथेच थांबणार आहे. कागद कसे ठेवायचे ते प्रत्यक्ष दाखवतो.