वरचे पाणी, खालची ओल



खेड्यात शेजाऱ्याशी भांडण व्हायचे ते बांधावरून, नाही तर पागोळीवरून. आपल्या छपराचे पाणी त्याच्या अंगणात पडते. तो म्हणतो, पन्हळ लावा. आपण म्हणतो, आजोबांच्या वेळेपासून पाणी इथेच पडते आहे. दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य असते. १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्याने, म्हणजे ज्याला आपण वहिवाट म्हणतो तिच्या कायद्याने, वीस वर्षे उघडपणे, बिनहरकत आणि हक्काने चालत आलेल्या गोष्टीला मान दिलेला आहे.

पण आज मला बोलायचे आहे ते या पागोळीच्या नव्या भावंडाविषयी. आता तालुक्याच्या गावीही चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. कुणाचा मुलगा ठाण्याला फ्लॅटमध्ये राहतो, कुणी गुरुजी निवृत्तीचा पैसा घालून स्वतःच फ्लॅट घेतात. तिथे अंगण नाही नि पागोळीही नाही. तिथे एकाची फरशी तेच दुसऱ्याचे छत. आणि एके दिवशी त्या छताला ओल येते.

मग काय होते, ते सांगण्यासाठी मला लांब जायला नको. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त गुरुजी वर आले नि म्हणाले, "सर, आमच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली आहे. तुमची मोरी एकदा बघता का?" मी मोरी पाहिली. कोरडी ठणठणीत! मी म्हटले, "गुरुजी, हे सामाईक नळाचे काम आहे, सोसायटीला सांगा." सोसायटीचे सचिव म्हणाले, "हा तुम्हां दोघांतला प्रश्न, तुम्ही आपसांत मिटवा." असे तीन महिने गेले. छताचे पापुद्रे सुटले, गिलाव्याचा एक तुकडा ओट्यावर पडला. गुरुजींच्या पत्नी तिथेच पोळ्या लाटत होत्या. डोक्यात पडला नाही, एवढेच.

आता मला हे सांगितले पाहिजे की मी खोटे बोलत नव्हतो. मोरी खरोखरच कोरडी होती. पण फरशीच्या वर काय दिसते त्यावरून फरशीखाली काय चालले आहे ते कळत नाही. आणि पाणी जिथून निघते तिथेच खाली उतरते, असेही नाही. स्लॅबमधून वाट काढीत ते हातभर, कधी खोलीभर दूर जाऊन पंख्याच्या कडीपाशी ठिबकते. म्हणून खर्च कुणाचा हा प्रश्न दुसरा. पाणी कुठले हा पहिला. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न न सोडवताच दुसऱ्यावर भांडण सुरू होते.

आणि हा पहिला प्रश्न फारसा अवघड नसतो. ओल फक्त पावसाळ्यात वाढत असेल, तर गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर संशय घ्यावा. बाराही महिने असेल, तर वरच्या घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचे मीटर पाहावे. नळ बंद असूनही काटा फिरत असेल, तर भरलेल्या पाण्याची नळी कुठे तरी फुटली आहे. काटा स्थिर आहे, पण वरचे बिऱ्हाड गावाला गेले की ओल सुकते आणि परत आले की वाढते, असे असेल तर दोष सांडपाण्याच्या वाटेत, फरशीच्या सांध्यांत किंवा नहाणी ट्रॅपच्या कडेला असतो. गुरुजींनी तर शाळेतल्यासारखे केले. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारली नि बाजूला तारीख घातली. दर रविवारी नवी रेघ. चार रेघा झाल्यावर ते निळीची पुडी घेऊन वर आले. "सर, एवढी तुमच्या मोरीत ओतू द्या." मला नाही म्हणवेना. दोन दिवसांनी त्यांच्या छतावर निळसर डाग उमटला.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालतात, आणि त्यांच्या आदर्श उपविधींत दुरुस्त्यांची वाटणी दिलेली आहे. बाहेरचे सामाईक नळ, टाक्या, पंप, सांडपाण्याच्या सामाईक नळ्या, जिने, गच्ची, आणि पावसाच्या किंवा या सामाईक नळांच्या पाण्याने होणारी गळती, हे सारे संस्थेच्या खर्चाने. त्या यादीत नसलेली, घराच्या आतली दुरुस्ती ज्याची त्याने करायची. शिवाय आगाऊ सूचना देऊन सभासदाच्या घरात येऊन पाहणी करण्याचा अधिकारही संस्थेला आहे. तेव्हा "तुम्ही आपसांत मिटवा" म्हणणाऱ्या सचिवांना निदान पाहणीला तरी यावेच लागेल. आमचेही सचिव आले असते, तर तीन महिने वाचले असते.

गच्चीविषयी दोन शब्द जास्त सांगतो, कारण तिथे अन्याय फार होतो. गच्ची गळते ती वरच्या मजल्यावरच्याच्या डोक्यावर. मग तळमजल्यावरचा म्हणतो, "गच्चीशी माझा काय संबंध? ज्याचे गळते त्याने करावे." हे साफ चूक आहे. गच्ची सगळ्यांची, तिच्या वॉटरप्रूफिंगचा खर्चही सगळ्यांचा. एवढेच नव्हे, गच्चीतून पावसाचे पाणी येऊन वरच्या मजल्यावरच्या छताचा गिलावा गेला, तर तोही संस्थेने करून द्यायचा आहे. उद्या तळमजल्यासमोरची सांडपाण्याची नळी तुंबेल, तेव्हा वरचे सारे वर्गणी देतीलच की!

इमारत नवी असेल, तर आधी बिल्डरला पत्र लिहावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा वा कारागिरीचा दोष दाखवून दिला, तर तीस दिवसांत त्याने तो विनामूल्य काढून द्यायचा असतो. पत्र मात्र लेखी हवे, त्यावर तारीख हवी आणि पोच घेतलेली हवी. तोंडी सांगितलेले पुढे कुणाला आठवत नाही. सामोपचाराने मिटलेच नाही, तर सहकार न्यायालय आहे; पण तिथला निकाल लागेपर्यंत छत थांबत नाही. आत पाणी मुरले की लोखंडी सळ्या गंजतात, गंजून फुगतात, आणि मग गिलाव्याच्या दुरुस्तीचे स्लॅबच्या दुरुस्तीत रूपांतर होते. तो खर्च ऐकून वरचा आणि खालचा, दोघेही खाली बसतात.

तर आमची मोरी फोडली. नहाणी ट्रॅपच्या कडेची भर पोकळ झाली होती. पाणी दिसत नव्हते, कारण ते थेट आत जात होते. गवंड्याने नवा ट्रॅप बसवला, वॉटरप्रूफिंग केले, आणि फरशी घालण्यापूर्वी मोरीचे तोंड कोंडून पाणी भरून ठेवले. "खाली काही उतरले नाही तरच फरशी," असे तो म्हणाला. ही अट प्रत्येकाने आपल्या गवंड्याला घालावी. ते पाणी उभे असताना गुरुजी खाली खुर्चीवर चढून पेन्सिलीची रेघ पाहत होते.

मोरीचा खर्च माझा होताच. गुरुजींच्या छताचाही मीच दिला. माझ्या पाण्याने बिघडले ते मी नीट करून द्यायला नको का? ते नको नको म्हणत होते. रंग मात्र लगेच दिला नाही. ओल पुरती सुकल्याखेरीज रंग धरत नाही, म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो. तोवर छतावर चार रेघा, चार तारखा नि तो निळा डाग तसाच होता, आणि पाचवी रेघ मारायची वेळ आली नाही.