शाईचा महिना

ऑक्टोबर लागला की बंगळूरला परतीचा पाऊस ऐन संध्याकाळी गाठतो. हवा दमट, कागद मऊ, आणि शाई वाळता वाळत नाही. शाईच्या चित्राला याहून गैरसोयीचा महिना मिळणे कठीण. तथापि याच महिन्यात रोज एक याप्रमाणे एकतीस चित्रे काढण्याचा संकल्प या शहरातील कितीतरी हौशी माणसे सोडतात. काहींचा तो अर्ध्यावरच सुटतो. आणि नवल असे की, पुढल्या वर्षी तोच मनुष्य पुन्हा दौत उघडून बसतो.

ही प्रथा अमेरिकेतील चित्रकार जेक पार्कर यांची. शाईकामातील आपला हात सुधारावा, एवढ्याच हेतूने त्यांनी २००९ साली ती सुरू केली व ‘इंक’ आणि ‘ऑक्टोबर’ यांचा सांधा जुळवून तिला ‘इंकटोबर’ म्हटले. २०१६ पासून दिवसागणिक विषयांची यादीही निघू लागली. २०१९ साली या नावाच्या व्यापारी हक्कावरून वाद माजला, तेव्हा काहींनी नाव टाकले आणि व्रत ठेवले. हे शहाणपणाचे झाले.

व्रत कठीण आहे ते शाईच्या स्वभावामुळे. पेन्सिलीची रेघ खोडता येते. शाईची रेघ उमटली की उमटली. पक्की काळी शाई म्हणजे मुळात काजळी आणि तिला धरून ठेवणारा डिंक किंवा लाख. इंग्रज तिला हिंदी शाई म्हणतात आणि फ्रेंच चिनी. काजळी बिचारी दोन्ही नावे निमूटपणे वागवते. चुकलेल्या रेघेला झाडाची फांदी करावी, नाहीतर आडव्याउभ्या रेघांच्या सावलीत लपवावी, एवढेच उपाय चित्रकाराच्या हाती उरतात.

गेल्या वर्षी नवव्या दिवशी थांबलेला मनुष्य पुन्हा बसतो, तेव्हा त्याच्या मनात शंकांची गर्दी असते. कचेरी आणि रस्त्यावरची कोंडी यांतून वेळ कोठला? आठ चित्रांनी हात सुधारला नाही, तो एकतीस चित्रांनी सुधारेल कशावरून? आणि अलीकडची शंका तर सर्वांत बोचरी. चार शब्द सांगताच यंत्र क्षणार्धात चित्र करून देते, आणि बंगळूर तर संगणकावर पोट भरणारांचे शहर! ही शंका खोटी नाही. केवळ चित्रच हवे असेल, तर दौत उघडण्याचे कारण उरत नाही. पण लालबागेतील तो प्रसिद्ध खडक, ज्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे सांगतात, समोर बसून उतरवू लागावे, म्हणजे एरवी नुसता करडा दिसणारा दगड पट्ट्यापट्ट्यांनी उलगडू लागतो. अर्धा तास टक लावून पाहिल्यावाचून ते पट्टे कागदावर येत नाहीत, आणि हे पाहणे यंत्रावर सोपवता येत नाही. पार्कर यांनी सवलतही ठेवली आहे: रोज जमत नसेल तर एक दिवसाआड काढावे, तेही न जमल्यास आठवड्यातून एकदा.

रोजच्या शाईची खरी कसोटी पाहावयाची, तर म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांच्याकडे वळावे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने त्यांना प्रवेश नाकारला होता. त्याच मुंबईत १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांचे ‘यू सेड इट’ हे चौकटचित्र येऊ लागले आणि अर्धशतकाहून अधिक काळ येत राहिले. तेथे सवलत नव्हती. छापखाना थांबत नसतो. २००३ साली पक्षाघाताने त्यांची डावी बाजू पांगळी केली. उजवा हात शाबूत होता, आणि ते पुन्हा चित्रांकडे वळले.

बंगळूरमधील या नवशिक्यांपैकी लक्ष्मण कोणी होणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. कब्बन पार्कातील झाडांखाली वह्या उघडतात. पावसाची सर आली की त्या पदराखाली, पिशवीत लपतात. काही पानांवर थेंबाने फुटलेली शाई तशीच राहते. एकतिसाव्या दिवशी संध्याकाळी शहरात पिवळ्या-तांबड्या पताका चढू लागलेल्या असतात, कारण दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सव. कोणाच्या वहीत तेव्हा एकतीस चित्रे असतात, कोणाच्या सतरा.