इंधनाची वाट

जुन्या स्पोर्ट्स मोटारींचा षोक असणारी मंडळी एकत्र जमली, की बोलणे बहुधा इंजिनाभोवती फिरते. त्याची अश्वशक्ती किती, आवाज कसा, बॉनेट उघडल्यावर ते दिसते कसे, यावर चर्चा रंगते. पण टाकीतले पेट्रोल त्या इंजिनापर्यंत कोणत्या वाटेने येते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. ती वाट म्हणजे बोटाहून बारीक अशी एक नळी, आणि तिचा मुक्काम गाडीच्या पोटाखाली, धुळीत आणि चिखलात. जुने इंजिन काढून दुसरे बसविताना या नळीची मांडणी नव्याने कशी करावी, याविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु वर्षानुवर्षे हौसेने उभी केलेली गाडी काही मिनिटांत जळून जाऊ शकते, ती अशाच एखाद्या किरकोळ वस्तूपायी.

उदाहरणादाखल आपण एकच गाडी घेऊ. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे एमजी कंपनीने १९६२ पासून १९८० पर्यंत ‘एमजीबी’ नावाची गाडी बनविली. एकूण पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. तिचे इंजिन होते १७९८ सीसीचे, चार सिलिंडरांचे, ओतीव लोखंडाचे. पुढे हौशी लोकांच्या ध्यानात आले, की रोव्हर कंपनीचे ३५२८ सीसीचे आठ सिलिंडरांचे इंजिन या गाडीत मावू शकते. हे इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्युइक कंपनीचे; ॲल्युमिनियमचे असल्यामुळे आकाराच्या मानाने हलके. १९७० च्या सुमारास केन कॉस्टेलो या इंग्रज तंत्रज्ञाने अशा गाड्या तयार करून विकल्या, आणि १९७३ ते १९७६ या काळात खुद्द कंपनीनेही अशा २५९१ गाड्या काढल्या. तेव्हापासून आजवर हा इंजिनबदल घरोघरच्या गॅरेजांतून चालू आहे.

आता या बदलात इंधनाच्या नळीचे काय होते ते पाहू. जुन्या चार सिलिंडरांच्या इंजिनात कार्बोरेटर आणि धूर बाहेर नेणारे एक्झॉस्टचे पाइप हे दोन्ही एकाच बाजूस, डाव्या अंगाला होते. दुसरी बाजू त्या मानाने थंड राही. आठ सिलिंडरांचे इंजिन इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे. त्याच्या दोन्ही अंगांना एक्झॉस्ट असतो आणि कार्बोरेटर मधोमध, डोक्यावर. म्हणजे थंड अशी बाजूच उरत नाही. कंपनीने तर बॉनेट नीट मिटावे म्हणून कार्बोरेटर मागे, बैठकीच्या पुढच्या पत्र्याकडे सरकविले होते. तेव्हा जुनी नळी जिथे संपत होती तिथून एक लांब रबरी तुकडा जोडून काम भागविणे, हा जो सोपा उपाय पहिल्याने सुचतो, तोच सर्वांत घातक. तो तुकडा नेमका तापलेल्या पाइपांजवळून जातो. माझ्यासारख्या कचेरीत आयुष्य घालविणाऱ्याला हे ओळखीचे वाटते: नवा साहेब आला की खुर्ची तीच राहते, पण कागदांच्या वाटा नव्याने आखाव्या लागतात.

वाट आखताना पहिला विचार उष्णतेचा. नळी एक्झॉस्टपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी. जिथे जवळून जाणे अटळ असेल तिथे मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा, आणि त्या टप्प्यात सांधा मुळीच ठेवू नये. पेट्रोल उणे चाळीस अंश सेल्सिअसच्या थंडीतही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. ही वाफ हवेहून जड असते व खाली साचून राहते. तिला उघडी ज्योतच लागते असे नाही. पुरेसा तापलेला धातूही पुरतो. शिवाय नळी तापली म्हणजे आतले पेट्रोल उकळते, वाफेचे बुडबुडे वाट अडवितात आणि गाडी भर उन्हात बंद पडते. यालाच मेकॅनिक ‘व्हेपर लॉक’ म्हणतात.

याच कारणासाठी पंपाची जागा महत्त्वाची. विजेवर चालणारा पंप टाकीजवळ आणि शक्य तितका खाली असावा. पंप जेव्हा द्रव ओढतो तेव्हा त्याच्या मागच्या नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी उष्णतेवरही उकळतो. म्हणून पेट्रोल लांबवरून ओढून घेण्यापेक्षा मागून ढकलणे केव्हाही चांगले. एमजीबीच्या कर्त्यांनी पंप मागच्या आसापाशी ठेवला तो उगीच नव्हे. त्याच्या जोडीला एक खबरदारी अवश्य घ्यावी: अपघाताचा धक्का बसताच पंपाची वीज तोडणारा स्विच. अपघातानंतर इंजिन थांबले तरी पंप चालूच राहिला, तर फुटलेल्या नळीतून टाकी रिकामी होईपर्यंत पेट्रोल वाहत राहते.

दुसरा विचार दाबाचा. कार्बोरेटरला दर चौरस इंचास अडीच ते तीन पौंड दाब पुरतो. परंतु पुष्कळजण रोव्हरचे पुढच्या काळातले, इंजेक्शन पद्धतीचे इंजिन बसवितात. त्याला दाब लागतो सुमारे ३६ पौंड, म्हणजे दहापटीहून अधिक. कमी दाबात झिरपणारा सांधा इथे बारीक फवारा मारू लागतो. या पद्धतीत पंप सतत गरजेहून अधिक पेट्रोल पुरवितो आणि उरलेले टाकीकडे परत जाते; म्हणून एकाऐवजी दोन नळ्या लागतात, आणि टाकीला परतीचे तोंडही लागते. जुन्या टाकीत वळणावर पेट्रोल एका कडेला जाऊन पंप हवा ओढू लागतो, तेव्हा मध्ये एक लहान भांडे बसवून त्यात पेट्रोल भरलेले ठेवावे लागते. हे सर्व न करता केवळ पंप जोरदार बसविणे म्हणजे अरुंद पाटात धरणाचे पाणी सोडण्यासारखे आहे.

तिसरा विचार नळीच्या जातीचा. गाडीच्या पोटाखालची सगळी लांबी धातूच्या अखंड नळीची असावी. तांबे वळवायला सोपे म्हणून मोह होतो, परंतु सततच्या कंपनाने ते कडक होऊन चिरते. त्याऐवजी पोलाद, किंवा तांबे आणि निकेल यांची मिश्रधातू चांगली. इंजिन आपल्या बैठकीवर हलत असते, म्हणून शेवटच्या टप्प्यात रबरी नळी हवीच. पण ती आखूड असावी आणि तिला थोडा ढिलेपणा असावा. धातूच्या नळीच्या टोकाला उंचवटा केलेला असावा, म्हणजे रबर निसटत नाही. इंजेक्शनच्या नळीवर क्लिप अशी वापरावी, की जिची कड रबराला कापणार नाही. धातूची नळी सुमारे तीस सेंटिमीटरांवर एकेक अशा रबरी अस्तराच्या क्लिपांनी पक्की करावी. पत्र्यातून जाते तिथे रबरी कडी घालावी. फिरत्या दांड्यापासून आणि जॅक लावण्याच्या जागेपासून ती दूर असावी. बसणाऱ्यांच्या बाजूने ती नेऊच नये.

रबराविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून सर्वसाधारण पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याकडे वीस टक्के मिश्रणाचा टप्पा २०२५ साली गाठल्याचे शासनाने जाहीर केले. जुन्या जातीचे रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते, नंतर चिरते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे जुन्या टाकीला आतून गंज धरतो. म्हणून इथेनॉलला टिकणारे, आतून फ्लोरीनयुक्त रबराचे अस्तर असलेलेच पाइप घ्यावेत, मग इंजिन कोणतेही असो.

हे काम हाती घेण्यापूर्वी आपल्याकडच्या हौशी मालकांनी कायद्याकडेही पाहावे. २०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या ‘विंटेज’ नोंदणीचे नियम केले. इंजिनात किंवा सांगाड्यात मोठा बदल न झालेल्या, मूळ स्वरूपातल्या वाहनांसाठीच ते आहेत. इंजिन बदलले की तो मान जातो; आणि बदलाची परवानगी नोंदणी अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते, ती वेगळीच.

शेवटी परीक्षा. कामाच्या आरंभी बॅटरीची तार काढून टाकी रिकामी केलेली असावी, आणि काम मोकळ्या हवेत व्हावे. खड्ड्यात उतरून नव्हे, कारण जड वाफ तिथेच साचते. नळी बसली की थोडे पेट्रोल घालावे, इंजिन बंद ठेवून केवळ पंप चालवावा, आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा पांढरा कागद फिरवावा. आग विझविण्याचे उपकरण हाताशी असावे. इंजिन चालवून, तापवून, थंड करून पुन्हा हीच तपासणी करावी. शंभर मैलांनंतर आणखी एकदा. बॉनेट उघडून दाखविण्यासारखे या नळीत काही नाही. पण गाडीत आपल्या शेजारी जी माणसे विश्वासाने बसतात, त्यांचा जीव इंजिनाच्या शक्तीपेक्षा या नळीच्या शिस्तीवर अधिक अवलंबून असतो. म्हणून नवे इंजिन विकत घेण्याआधी एकदा गाडीखाली शिरावे, दिवा घ्यावा आणि टाकीपासून पुढपर्यंत वाट डोळ्यांनी चालून पाहावी. ती सापडली तरच पुढच्या खर्चाला हात घालावा.