होजिअरीचा टॉप घरी शिवताना

लेकीसाठी पहिला होजिअरीचा टॉप शिवला आणि डोक्यातून घालतानाच गळ्याची शिलाई तटातटा उसवली. कापड ताणलं, दोरा ताणला नाही. पोरगी रडवेली, मीही.

आता सुती होजिअरी आधी धुऊन वाळवते, ती आटते. मग ओढून बघते. जिकडे जास्त ताणतं ती बाजू छातीभोवती आडवी घेते. सुई बॉलपॉइंटची, नाहीतर भोकं पडतात. झिगझॅग नसलेल्या आपल्या पायमशीनवर पॉलिस्टरचा दोरा लावून कापड पुढून-मागून किंचित ताणत शिवा. फार ओढलंत तर शिवण लाटेसारखी होते.

गळ्याची पट्टी मात्र गळ्याएवढी कापू नका. गळा २० इंच, तर पट्टी जोडल्यावर १७ भरावी. ताणायची ती पट्टी, टॉप नव्हे. तरच गळा लोंबत नाही.

पहिल्या टॉपचं फडकं झालं. दुसरा लेक अजून घालते.